जमिनीचा घोट

“जे पाणी तू स्वतः हुंगलं नाहीस, ते देवापुढे ठेवू नकोस. देव बोलत नाही म्हणून त्याला काहीही चालतं, असं समजू नकोस.”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा हा आवाज बेकरीवाल्या काकूंना रोज पहाटे ऐकू यायचा. भट्टी पेटवण्याआधी उतारावरून खाली झऱ्यावर जायचं, कळशी भरायची, नाक खाली न्यायचं, घरी येऊन देवापुढे तांब्या ठेवायचा आणि मगच चहा. दुसरा नेम त्यांनी आपणहून लावून घेतला होता: संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत खोटं बोलायचं नाही. ‘पाव आजचेच ना?’ असं गिऱ्हाईक विचारायचं, तेव्हा या नेमाने धंद्याला बऱ्याचदा खार लावला होता.

त्या दिवशी शिंप्याच्या संडासाची टाकी कुठे घ्यायची ते ठरणार होतं, म्हणून सगळी आळी त्याच्या परसात लोटली होती. मधोमध पाताळबाबा उभे होते. अंगावर मातकट कफनी, हातात लोखंडी टोकाची काठी आणि एक पाय अनवाणी. दुसऱ्या पायात बूट होता, कारण बाबा म्हणत, “दोन्ही पायांनी ऐकलं तर पाताळाचा आवाज सहन होत नाही.”

बाबांनी टाच आपटली. “ही जमीन झोपलीय.” चार पावलं पुढे जाऊन पुन्हा आपटली. “ही रुसलीय.” मग कुंपणापाशी काठी ठोकली आणि डोळे मिटले. “ही तहानलेली आहे. खणा.”

खणलं. कमरेइतका खड्डा झाल्यावर बाबांनी पाण्याचं पिंप आणवलं आणि आत ओतायला लावलं. गुडगुड असा आवाज आला आणि पिंपभर पाणी डोळ्यांदेखत दिसेनासं झालं. खड्ड्याच्या तळाशी नुसता ओला दगड चमकत राहिला.

“घेतला घोट,” बाबा हळूच म्हणाले. बायकांनी हात जोडले. शिंपी तर खड्ड्यालाच वाकून नमस्कार करायला गेला. मागून कुणी शर्ट धरला म्हणून वाचला.

“आता पालिका काय म्हणते ऐका,” बाबांनी आवाज चढवला. “म्हणे सेप्टिक टँकला परवाना आणा. झऱ्यापासून इतके फूट, हद्दीपासून तितके फूट. अरे, सृष्टी झाली तेव्हा फूटपट्टी कुठे होती? लेकराला आईच्या कुशीत शिरायला परवाना लागतो का?”

“नाही,” आळी म्हणाली.

“माझी टाकी बघा,” सिमेंटशेठ पुढे सरसावले. उताराच्या माथ्यावर त्यांचं घर, खाली सिमेंटचं दुकान. बाबांचे ते पहिले भक्त. “तीन वर्षं झाली, भरली नाही. मैला उपसणारी गाडी दारावरून हात हलवत जाते.”

बाबा स्वतःसाठी काही घेत नसत. अट एवढीच, की खड्ड्यात बसवायच्या सिमेंटच्या रिंगा शेठच्याच दुकानातून घ्यायच्या, कारण त्यांवर बाबांचा हात फिरलेला असे.

काकूंचा मुलगा धावतच बेकरीत आला. “आई, परवा बाबा आपल्याकडे येतायत. मी सांगून आलो.”

“आपला अर्ज पालिकेत आहे ना?”

“तो अर्ज म्हातारा होऊन मरेल तिथे. ती फूटपट्टीबाई येणार, हातभर खड्डा खणणार, तो रात्रभर ओला ठेवा म्हणणार, मग घड्याळ लावून पाणी मोजत बसणार. तोवर आपलं बाळ शाळेत जाईल.”

सूनबाई पिठाच्या पोत्यावर टेकून बसली होती. सातवा महिना. जुना संडास परसाच्या पार टोकाला, वाटेत चार निसरड्या पायऱ्या. काकूंनी तिला शब्द दिला होता, की बाळ यायच्या आत घरालगत संडास होईल.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “शेठच्या दुकानात ट्रकभर रिंगा उतरतात. प्रत्येकीवर हात फिरवतात म्हणजे बाबांचा खांदा धरत नाही का हो?”

“तुला प्रत्येक गोष्टीत चेष्टा सुचते.”

“मला दुसरं काही सुचायला त्या पायऱ्या वेळ देत नाहीत.”

काकूंनी पावांचे ट्रे भट्टीत सरकवले. खरं बोलायचं तर पिंपभर पाणी नाहीसं होताना त्यांनीही पाहिलं होतं, आणि त्यांचेही हात आपोआप जुळले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या झऱ्यावर गेल्या. अलीकडे झऱ्याला पाणी वाढलं होतं. काठचं गवत असं माजलं होतं, की त्यात कळशी लपावी. बाबांच्या कृपेने झरा फुगला, असं सगळे म्हणत. आळीतल्या पोरांची पोटं महिनाभर बिघडली होती, त्यावर बाबांचं उत्तर होतं, “मळ बाहेर पडतोय.” डॉक्टर पाणी उकळून प्या म्हणून घसा कोरडा करत होते, पण उकळलं तर कृपा उडून जाते, असंही बाबांनी सांगून ठेवलं होतं.

काकूंनी कळशी भरली आणि नाक खाली नेलं. आजवर गवताच्या वासात दबून राहिलेला लिंबाचा वास आला. झाडावरच्या लिंबाचा नव्हे. कपडे धुवायच्या साबणात असतो तो. आणि त्या वासाखाली दुसरा एक वास होता. तो कशाचा, ते काकूंच्या नाकाला लगेच कळलं आणि मनाला कळायला थोडा वेळ लागला.

त्या दिवशी देवापुढे तांब्या रिकामा राहिला. काकूंनी हात जोडून सांगितलं, “आज पाणी नाही. कारण शोधून येते.” आणि त्या चहा न घेताच पालिकेत गेल्या.

फूटपट्टीबाई म्हणजे पालिकेच्या तपासनीस. तरुण, सडपातळ, टेबलावर मातीच्या नमुन्यांच्या बरण्या मांडलेल्या. आळीत त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. आता ते बरंच होतं म्हणायचं.

“बाई, एक विचारू?” काकूंनी आवाज खाली आणला. “पिंपभर पाणी जमीन एका घोटात प्यायली, तर ती जमीन चांगली ना?”

“नापास,” बाई म्हणाल्या.

“आणि अजिबात प्यायली नाही तर?”

“तरी नापास. काकू, परवान्याआधी आम्ही खड्डा ओला ठेवून पाणी मोजतो ते कशासाठी? टाकीत गाळ खाली बसल्यावर जे घाण पाणी बाहेर पडतं, ते मातीतून हळूहळू झिरपायला हवं. झिरपताना माती ते गाळते. पाणी गप्पकन गेलं, तर खाली माती नाही, खडकाला भेग आहे. भेग काही गाळत नाही. आत जातं तेच बाहेर येतं.”

काकूंनी क्षणभर विचार केला. “म्हणजे फाटकी चाळणी. मैदा झटक्यात खाली येतो, आपल्याला वाटतं काय सुरेख चाळलं. आणि पावात खडे.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “मी चार सभांत हेच सांगत होते. मला चाळणी सुचली नाही.”

“आणि शेठची टाकी भरत का नाही?”

“बहुतेक तिला तळच नसेल. मला आत येऊ दिलं तर बघेन ना. संडासात रंग टाकून तो झऱ्यात येतो का, हे बघता येतं. पण आमचा रंग संपलाय. मागणी पाठवलीय. वर सही व्हायचीय.”

“रंग?” काकू म्हणाल्या. “रंग माझ्याकडे आहे. केकवर गुलाब काढायचा. पोटात गेला तरी अपाय नाही. पोरं रोज खातात.”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. “काकू, मी हे ऐकलं नाही. पण उद्या सकाळी सात वाजता मी झऱ्यावर असेन.”

दुपारी काकू पिशवी घेऊन शेठच्या घरी गेल्या. शेठाणींनी प्रेमाने बसवलं.

“पिशवीत काय आणलंत, काकू?”

दिवा लागायला वेळ होता. “रंग,” काकू म्हणाल्या.

“अगंबाई, कशाला?”

“तुमच्या संडासात टाकायला.”

शेठाणींना हसू आवरेना. “काकू, तुम्ही म्हणजे ना. बोलत नाही, पण बोललात की एकदम.” आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. काकूंनी विचारलं, “जरा जाऊन येऊ?” शेठाणी म्हणाल्या, “विचारता काय, आपलंच घर आहे.” तेव्हा काकूंनी आपल्याच घरासारखं रंगाची सगळी बरणी आत रिकामी केली आणि तीनदा पाणी सोडलं. शेठाणींचा चहा मात्र घेतला नाही. तो झऱ्याच्या पाण्याचा होता.

सकाळी झरा गुलाबी होऊन वाहत होता. फिकट नाही, लग्नाच्या केकला शोभेल असा. बातमी आळीभर पसरली आणि कळश्या, बाटल्या, बादल्या घेऊन माणसं उतारावरून घरंगळत आली. फूटपट्टीबाई एका दगडावर बसून होत्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काकूंचा मुलगा सर्वांत पुढे; आज बाबा त्याच्याच परसात टाच आपटणार होते.

बाबा आले. पाणी बघून क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, पण ते लगेच सावरले. हात वर केले.

“लाजली,” ते म्हणाले. “इतक्या भक्तांनी तहान भागवली, म्हणून भूमाता लाजली. हा तिच्या गालांचा रंग आहे. आज हे पाणी जो पिईल, त्याच्या सात पिढ्यांची पोटं स्वच्छ होतील.”

शिंप्याने पेला बुडवला. मुलानेही ओंजळ पुढे केली.

“थांब,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवी शेजारच्या खोलीत पोचत नसे, आज पोचला. “आधी महाराजांनी घ्यावं. आपण मागून.”

हे सगळ्यांनाच पटलं. शिंप्याने पेला अदबीने बाबांपुढे धरला. बाबांनी पेल्यात पाहिलं. इतकी वर्षं टाच आपटत हिंडलेल्या माणसाला कुठलं पाणी कुठून येतं, हे आळीपेक्षा जास्त कळत होतं.

“आज माझा उपवास आहे,” बाबा म्हणाले.

“पाण्याचाही?”

“पाण्याचाच.”

“बरं,” काकू म्हणाल्या. “मग मी सांगते ते ऐका. हा रंग माझ्या बेकरीतला आहे. काल दुपारी मी तो शेठच्या संडासात ओतला. शेठाणींना सांगून ओतला.”

पुढच्यांनी भरलेल्या बादल्या उलट्या केल्या. मग गर्दीच्या मागच्या बाजूला कुणीतरी, ज्याने घाईघाईने आधीच एक घोट घेतला होता, तो खोकायला लागला, आणि बराच वेळ खोकत राहिला.

“अहो, मला ती थट्टा वाटली हो,” शेठाणी म्हणाल्या. शेठ त्यांच्याकडे बघत नव्हते. ते घराकडची वाट बघत होते.

“हा कट आहे,” बाबा गरजले. “हिने रंग इथेच टाकला. माझ्या जमिनीवर संशय?”

फूटपट्टीबाई दगडावरून उठल्या. भांडणाच्या नव्हे, चौकशीच्या सुरात त्यांनी विचारलं, “महाराज, शिंप्यांच्या परसात बोअरवेल घ्यायची झाली, तर भेग किती फुटांवर लागेल?”

“अठरा,” बाबा चटकन म्हणाले. “बावीसवर दुसरी. आमच्या गाडीचा ड्रिल तिथे एकदम...”

आणि तिथे ते थांबले. उशीर झाला होता.

“कोणती गाडी?” काकूंच्या मुलाने विचारलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाबा पूर्वी बोअरवेल पाडणाऱ्या गाडीवर होते. काठी ठोकली की पोकळ आवाज कुठे येतो, कोरड्या दिवसांत हिरवी रेघ कुठे दिसते, हे त्यांना पाठ होतं. भेगेवर खणायचं, पाणी ओतायचं, ते गडप झालं की घोट म्हणायचं. त्यावर शेठच्या रिंगा उभ्या करायच्या आणि तळ बांधायचाच नाही. टाकी भरत नव्हती, कारण ती टाकीच नव्हती. ते नळकांडं होतं. एक तोंड शेठच्या संडासात, दुसरं आळीच्या कळशीत.

शिंप्याने हातातला पेला बाबांच्या पायाशी ओतला. अनवाणी पायावर. बाबांनी तो पाय पहिल्यांदाच झटकन उचलला. ते गेले ते दोन्ही पायांनी ऐकत, भरभर. त्यांची काठी अजून शिंप्याकडे आहे. तो तिच्यावर कापडाचे तागे वाळत घालतो.

शेठला आणि बाबांच्या बाकीच्या भक्तांना पालिकेने टाक्या बंद करायला लावल्या. झऱ्यावर ‘पाणी पिऊ नये’ अशी फळी ठोकली आणि तो निवळेपर्यंत आळीला टँकर सुरू झाला. पोरांच्या पोटांवर डॉक्टरांचं औषध लागू पडलं. मळ बाहेर पडण्याचा कार्यक्रम आठवड्यात आटोपला.

देव आहे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. काकूंना तो आहे. पण त्याने माणसाला नाक दिलंय, ते चष्मा टेकवायला नव्हे. चमत्कार दिसला तर नमस्कार अवश्य करावा. मात्र दोन हात जोडण्याआधी त्यातल्या एका हाताने झाकण उचलून आत बघावं. जो खरा आहे, तो बघितल्याने रागावत नाही. जो रागावतो, त्याला आधी पाणी पाजून बघावं.

फूटपट्टीबाई काकूंच्या परसात आल्या. झऱ्यापासून अंतर मोजलं, टाकीची जागा आखली, उपसणारी गाडी कुठून शिरेल ते पाहिलं. मुलाने हातभर खड्डा खणला आणि पाणी ओतलं. पाणी तसंच तुंबून राहिलं, मग बोटभर खाली गेलं. मुलगा खट्टू झाला.

“पीत नाहीये गं आई.”

“चाळतेय,” काकू म्हणाल्या. “बस गप्प.”

“उद्यापर्यंत खड्डा कोरडा पडू द्यायचा नाही,” बाई म्हणाल्या. “माती पूर्ण भिजल्यावरच खरं माप मिळतं. लक्षात ठेवाल ना?”

“शब्द देते,” काकू म्हणाल्या.

“आई, तुमचा पहिला शब्द माझ्याकडे आहे बरं का,” सूनबाई पायरीवरून म्हणाली. “संडासाचा.”

“तोच हा.”

दुपारी भट्टी निवली. मुलगा पोत्यावर घोरत होता, सूनबाई पाय वर करून पडली होती. काकूंनी टँकरच्या पाण्याची कळशी भरली, सवयीने नाक खाली नेलं, मान हलवली आणि चपला न वाजवता परसाकडे निघाल्या.