आसाराम तांगेवाल्याचा श्वास

भिंगारच्या आसाराम तांगेवाल्याची छाती एवढी दांडगी, की तो शिंकला म्हणजे छावणीतली परेड थांबे आणि साहेबाचा पुन्हा हुकूम होईपर्यंत शिपाई एका पायावर उभे राहत. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पण बहात्तर साली त्याच छातीत न्यूमोनिया शिरला आणि आसाराम नगरच्या एका दवाखान्यात आडवा झाला, एवढं तरी खरं माना.

तिथं त्याच्या छातीला रबरी पट्टा बांधला, पट्ट्याची नळी यंत्राला जोडली. छाती हलली की यंत्रातली लेखणी कागदावर डोंगर काढी. नाहीच हलली, की घंटा वाजे आणि केशर सिस्टर धावत येई.

आसाराम बरा होत चालला तशी त्याला धडकी भरली. बायको मनकर्णा कधीच गेलेली. मुलगा बायकापोरं घेऊन सुरतेला. घरी वाट बघणारं म्हणजे दाराचं कुलूप. इथं निदान घंटेला माणूस येत होतं.

मग त्यानं डाव टाकला. सिस्टर पट्टा आवळायला लागली की हा छाती फुगवून धरी. ती वळली की श्वास सोडी, पट्टा सैल. दंडानं दाबून धरला तर यंत्र चाले. दंड काढला की लेखणी सपाट आणि घंटा ठणाणा.

"बाबा, श्वास घ्या! अहो बाबा!"

"घेतो की. तुमी आलात, आता घेतो."

डॉक्टर कागद बघून म्हणत, "मधेच श्वास थांबतोय. इतक्यात सोडायचं नाही यांना."

आसाराम चादरीत तोंड घालून हसे. पण सिस्टर छातीवर हात ठेवून घड्याळ बघी आणि पुढच्या खाटेकडे पळे. त्यानं जुळवून ठेवलेलं बोलणं तोंडातच राही.

एका दुपारी मात्र घंटा बंद करून ती स्टुलावर टेकलीच. "दमले हो बाबा. घटकाभर बसते. बोला काहीतरी."

आसाराम खुलला. "आमची गुलछडी घोडी लई बेरकी बघा. पोटाखालचा पट्टा, तंग वो, आवळायला गेलं की अशी फुगायची, की तिच्या सावलीत बाजार भरावा! अन् चालाया लागली की हवा सोडायची. तंग ढिला. एकदा तर तांगा अन् प्यासिंजर भिंगारला पोचले, घोडी मागनं आली!"

सिस्टर डोळ्यांत पाणी येईतो हसली. "मग काय केलंत?"

"कानात बोलत बसायचं. ऐकता ऐकता श्वास सोडती. तेवढ्यात आवळायचं."

सिस्टरचं हसू थांबलं. तिनं पट्ट्याखाली बोट घातलं. हातच आत गेला. तिनं हळूच विचारलं, "आता कुठंय गुलछडी?"

"इकली. चाराच न्हवता. गिऱ्हाइकाच्या मागं जाताना वळून बघत हुती..."

आसारामनं लांब श्वास सोडला. तेवढ्यात सिस्टरनं पट्टा आवळला.

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं मान खाली घातली. "व्हरांड्यात एक बाई धापा टाकतेय, बाबा. यंत्र एकच आहे."

"मग द्या की तिला," आसाराम म्हणाला. दंड त्यानं मुद्दाम अंगापासून लांब ठेवला. लेखणी सरळ रांगेत डोंगर काढू लागली.

सकाळी डॉक्टर खूश झाले. "झकास! आज घरी जायचं."

"कुनाच्या?" आसारामनं विचारलं. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा विनोदी आहे.

केशर सिस्टर व्हरांड्यातल्या बाईला पट्टा बांधत होती; आसाराम 'येतो' म्हणाला तशी तिनं पाठमोरीच मान हलवली. फाटकाशी पहारेकरी भेटला. आसाराम थबकला.

"काय सांगू गड्या, माझ्या श्वासाचा एवढा कागद निघाला, की हितनं खर्ड्याच्या किल्ल्यापत्तुर हांतरला तरी..."

"बाबा, गाडी येतीय. बाजूला व्हा."

आसाराम बाजूला झाला. गाडी आत गेली, फाटक लागलं. कागद नक्की कुठवर पुरला, ते मग त्यानं रस्त्यानं चालता चालता स्वतःलाच सांगितलं.