क्लच नसलेली गाडी

घोडा अंगावर पडला आणि लॅव्हर्न स्ट्राउडचा डावा पाय कायमचा अधू झाला. मोंटानाचा हिवाळा तोंडावर आलेला. आता पिकअपचा क्लच दाबता येत नसेल, तर माळावरच्या गुरांना एकट्यानं चारा घालायचा कसा? आणि चारा घालता आला नाही तर गुरं विकायची. गुरं विकली की त्या उजाड माळावर राहायचं तरी कशाला?

मुलगी ट्वायला डेन्व्हरहून आली आणि त्याला गाड्यांच्या शोरूमला घेऊन गेली. "बाबा, हट्ट पुरे. ऑटोमॅटिक घ्यायची."

"ऑटोमॅटिक म्हणजे गाडी नव्हे, सोफा!" म्हातारा कुरकुरला.

विकणारा पोरगा हसला. "काका, क्लचची पिकअप आता शोधून सापडायची नाही. हिचे दहाही गिअर आपोआप पडतात. डाव्या पायाला पेन्शन द्या!"

लॅव्हर्न काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. ट्रेलर ओढताना गिअरबॉक्स तापतो का, त्याचं तेल कधी बदलायचं, चढावर गाडी अडखळते का, सगळं खोदून खोदून विचारलं. विचारलं नाही ते एकच. तिकडचा एकटा माणूस जुनी पिकअप सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाकतो, स्टिअरिंग दोरीनं बांधतो आणि उतरून मागे चढतो. गाडी आपली आपण रांगत राहते, हा मागून गवत लोटत राहतो. आता असला उद्योग शोरूममध्ये कोण बोलून दाखवणार? त्यातून त्याला वाटलं, शेवटी गाडी ती गाडी. झालं! जुनी दिली, नवी आणली. ट्वायला निश्चिंत मनानं परत गेली.

दुसऱ्या दिवशी गवत भरून तो बर्फातून माळावर गेला. गुरं हंबरत मागे आली. त्यानं गाडी रांगायला लावली, दोरी बांधली, दार उघडलं. गाडी जागच्या जागी थांबली! चालक उतरतोय हे ओळखून तिनं आपणहून पार्किंगचा गिअर टाकला होता.

"अगं चल की बये!" त्यानं चार शिव्या हासडल्या. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. ती ढिम्म. सगळं गवत एकाच जागी टाकावं, तर दांडगी गुरं खाणार आणि गाभण कालवडी उपाशी राहणार. मग थोडं चालवायचं, उतरायचं, मागे चढायचं, टाकायचं, पुन्हा उतरायचं. एकदाच चढायचं असतं तर त्या पायानं निभावलं असतं. असं किती वेळा करणार? शेवटी पाय दुमडला आणि तो बर्फात उताणा पडला. त्याला ओलांडून गुरं गाडीतलं गवत ओढू लागली. म्हातारा पडल्या पडल्या रडला.

संध्याकाळी ट्वायलाचा फोन आला. "कशी आहे हो गाडी, बाबा?"

"गुणाची आहे गं. माणूस उतरला की थांबते."

"मग बरंच आहे की!"

"हो. पोरी, लिलाववाल्याला तूच फोन कर. माझ्या तोंडून निघायचं नाही. सगळी गुरं म्हणून सांग त्याला, कालवडींसकट."