बिजागरीची पारख

लातूरच्या आडत बाजारात तुरीची पारख करावी ती सिद्रामप्पांनीच. मूठभर दाणे तळहातावर घेतले की ओल किती, खडा किती, सगळं सांगायचे. या हाताचा अप्पांना भारी तोरा होता.

गेल्या वर्षी लकव्याने त्यांच्या बायकोचा, महादेवीचा, डावा हात जवळजवळ नेलाच. उजव्या हातात काठी आली, तोंड एका बाजूला वाकडं झालं. स्वयंपाकघर सुनेकडे, वर्षाराणीकडे गेलं. सून गुणाची होती, पण महादेवीचा जीव काही खाटेवर रमेना. "मला माज्या सैपाकघरात उभं राहू द्या," ती म्हणायची, "आयतं खाऊन मी मरून जाईन."

म्हणून अप्पांनी सुतार लावून ओट्याखाली तिच्या हाताला येतील अशी नवी कपाटं करून घेतली. आता फक्त दारांच्या बिजागऱ्या आणायच्या राहिल्या होत्या.

गंजगोलाईतल्या हार्डवेअरवाल्या रामलिंगनं नमुन्याची दारं पुढे केली. "अप्पा, ही साधी बिजागरी. दार वाजतंय, पण हलकं हाय. अन् ही स्प्रिंगची. आपसूक मिटतंय, पर वढायला जरा जड. अक्कांना घिऊन या की. हात लावून बघू द्या."

अप्पांचा चेहरा पडला. त्या वाकड्या तोंडानं तिला भर बाजारात आणायची? ओळखीचे दहा जण थांबून विचारतील. खरं सांगायचं तर अप्पांना तिची लाज वाटत होती.

"काई गरज न्हाई," म्हणत त्यांनी स्प्रिंगचं दार ओढलं. झटक्यात उघडलं. सोडलं तर मांजरीच्या पावलानं मिटलं. "हीच दे. जन्मभर हलायची न्हाई."

दारं बसली त्या दिवशी महादेवी काठी टेकत आली. कितीतरी दिवसांनी हसली. डाव्या हाताची बोटं दाराच्या मुठीत अडकवून तिनं दार ओढलं. ते दोन बोटांएवढंच उघडलं आणि तिच्या हातातून सुटून परत मिटलं. तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा मिटलं. मग काठी ओट्याला टेकवून उजवा हात लावायला गेली, तर तोलच गेला. वर्षाराणीनं धरलं म्हणून बरं.

"लई मजबूत हायत," महादेवी म्हणाली.

"बदलून आणतो. उद्या तू चल संगं," अप्पा म्हणाले.

"आता कशाला? वर्षाराणीला उघडतंय की."

ती खाटेवर जाऊन बसली. दुपारी तिथूनच हाक आली, "वर्षे, जरा च्या टाकतीस का गं?" त्या घरात महादेवीनं कुणाकडे चहा मागितलेला अप्पांनी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पूजेला बसली. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजा करायची. लकवा झाल्यापासून तिचा तळवा लिंगाचंसुद्धा ओझं पेलत नसे. अप्पा रोज खालून आपला हात लावून तो तोलून धरायचे. त्या हातात किती जोर उरलाय, हे डॉक्टरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. दुकानात मात्र ते आठवलं नाही, दार त्यांनी आपल्याच हातानं ओढून बघितलं. अप्पांना स्वतःचा संताप आला.

त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. महादेवीचा हात मांडीवरच राहिला.

"तुमची पूजा होऊ द्या," ती हळू म्हणाली. "माजा हात वर्षाराणी धरील."

अप्पा तळहात पसरून तसेच बसून राहिले.