मीटरवरचा खोटा आकडा

चोरीला गेलेली वस्तू परत मिळाली की घरात सण असल्यासारखं वाटतं. सेलूच्या प्रभाकररावांच्या दारात त्या दिवशी तसंच झालं. त्यांची पांढरी मारुती व्हॅन सात-आठ महिन्यांनी कोर्टाच्या हुकमानं घरी आली होती. शकुंतलाबाईंनी गाडीला हळद-कुंकू वाहिलं, चाकापुढे नारळ फोडला. शेजारपाजारचे गोळा झाले. जो तो काचेला नाक लावून आत डोकावत होता आणि "नशीबवान आहा बाप्पा तुमी!" असं म्हणत होता.

वर्ध्याला भाचीच्या लग्नात मंगल कार्यालयासमोर उभी केलेली ही गाडी जेवणाची पंगत उठेपर्यंत नाहीशी झाली होती. प्रभाकररावांचं कापडाचं दुकान. वडिलांनी सुरू केलेलं, त्यांनी मेहनतीनं वाढवलेलं. त्यातून घेतलेली ही घराण्यातली पहिली गाडी. ती गेली तेव्हा हा पन्नाशीचा माणूस मंगल कार्यालयाच्या पायरीवर बसून लेकरासारखा रडला होता. पुढे कित्येक दिवस गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि यांच्या हातातला कापडाचा तागा तसाच उघडा राहायचा.

पण माणसं पांगल्यावर प्रभाकरराव गाडीत बसले, त्यांनी चावी फिरवली, आणि त्यांची नजर मीटरवर थबकली.

एकतीस हजार किलोमीटर!

त्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. लग्नाच्या आधीच त्यांनी ऑइल बदलून घेतलं होतं. तेव्हा गाडी नव्वद हजारांच्या घरात आली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मधल्या महिन्यांत ती आणखी किती धावली असेल, देव जाणे. गाडी पुढे गेली होती आणि आकडा मागे आला होता.

संध्याकाळी ताराचंद आला. हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, जुन्या गाड्यांची दलाली करायचा. मीटर पाहून तो मांडीवर थाप मारून हसला.

"चोरानं विकाच्यासाठी मीटर फिरवलं, भाऊ. तुह्यं तर कामच करून देलं!"

"माह्यं काय काम?"

"तूच म्हनत होता ना, वहिनी आता चोराच्या हातून आलेल्या या गाडीत बसाले तयार नाई, विकून टाकू म्हनून? मंग आता विक. एवढी कमी चाललेली गाडी पाहून लोकं धावत येतीन."

"पन हा आकडा खोटा हाये ना, ताराचंद."

"तू फिरवला का? नाई ना! पोलिसाच्या पंचनाम्यात हाच आकडा लिहून हाये. सरकारी कागदावर आला, आता याले खोटं कोन म्हन्ते?"

प्रभाकररावांनी चावी काढून खिशात टाकली. माणूस वाईट नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांनी मीटरभर कापडात बोटभरही कमी मोजलं नव्हतं. पण गाडी गेल्यापासून आपलं फार सोसून झालं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ज्यानं सोसलं त्याला थोडं भरून मिळालं तर बिघडलं कुठे? असं वाटणाऱ्या माणसाला पाप पापासारखं दिसतच नाही.

वकिलानं अर्ज करून कोर्टाकडून गाडी विकायची परवानगी आणली. ताराचंदनं गिऱ्हाईकही आणलं. पुलगावचा गुलाब. इतके दिवस दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरी केली, आता स्वतःची गाडी घेऊन शाळेच्या पोरांची ने-आण करायची, असं त्याच्या मनात होतं. त्यानं गाडीभोवती चकरा मारल्या, सीटवरून हात फिरवला, मग मीटरजवळ वाकला.

"भाऊ, मीटर खरं हाये ना? लहान लहान पोरं बसवाची हाये जी."

ताराचंद प्रभाकररावांकडे पाहत होता.

"मीटर तुमच्या समोर हाये," ते म्हणाले. "पंचनाम्यातई तेच हाये."

गुलाबनं समाधानानं मान हलवली, इसाराचे पैसे दिले आणि सोमवारी गाडी न्यायला येतो म्हणून सांगून गेला. दाराआड उभ्या असलेल्या शकुंतलाबाईंनी सारं ऐकलं होतं. रात्री त्यांनी नवऱ्याला वाढलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा. उन्हानं चेहरा रापलेला. प्रभाकररावांनी त्याला ओळखलं आणि ते ताडकन उठले. हा बबनराव, कारंजाकडचा संत्र्याचा बागवाला. पोलिसांनी हमरस्त्यावर व्हॅन अडवली तेव्हा हाच ती चालवत होता. चोरीची आहे हे माहीत असून गाडी घेतली, असा त्याच्यावर आरोप होता. तो जामिनावर सुटला होता. ठाण्यात तो हात जोडून "मी चोर नाई जी" असं पुन्हा पुन्हा म्हणत होता, तेव्हा प्रभाकररावांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

"तुमी? इथं काऊन आले?"

"रागावू नका, भाऊ. वकील मले म्हने, फिर्यादीच्या घरी जाऊ नोको, तुह्यावरच उलटन. पन माह्याच्यानं राहवलं नाई." बबनराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "एक गोष्ट सांगतो अन् आल्या पावली जातो."

शकुंतलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "आधी बसा," त्या म्हणाल्या. "इतक्या उन्हातून आले तुमी."

बबनराव ओट्याच्या कडेला टेकले. पाणी पिऊन त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"त्या गाडीचे ब्रेक पाहून घेजा, भाऊ. बायको-लेकरं बसवाच्या आधी पाहून घेजा. मी ते गाडी कमी चाललेली म्हनून घेतलती. अमरावतीकडचा मानूस होता, कागद दाखवले, मीटर दाखवलं. मी मीटरवर भरोसा ठेवला. मनात म्हटलं, नवीनच हाये, मिस्त्रीले दाखवाची काय गरज? अन् तळेगावच्या घाटात ब्रेक लागलेच नाई."

"मंग?" शकुंतलाबाईंनी तोंडावर पदर धरला.

"दगडावर घातली, म्हनून जीव वाचले. पन आनंदाबाईचा, माह्या मंडळीचा पाय मोडला. आजई काठीशिवाय चालता येत नाई तिले. मिस्त्रीनं मंग खोलून पाह्यलं. म्हने, हे गाडी मीटरपेक्षा कितीतरी जास्त चालली, आतून सारी झिजली हाये. त्यानं कामचलाऊ करून देलं. पुरं काम कराच्या आधीच पोलिसानं गाडी पकडली." बबनराव क्षणभर थांबले. "ठान्यात सांगाले गेलतो, पन आरोपीचं कोन आयकते? म्हटलं, तुमाले मीटरचं मालूमच नसन. मालूम असतं तर तुमी आपल्या तोंडानंच साऱ्याइले सांगतलं असतं. म्हनून आलो."

प्रभाकररावांना वाटलं, कुणीतरी आपल्या कानशिलात मारली! मालूम असतं तर सांगितलं असतं! या माणसाची गाडी गेली, बायको जायबंदी झाली, अब्रू चव्हाट्यावर आली. ज्याच्या फिर्यादीमुळे त्याच्यावर खटला आला, त्याच माणसाच्या बायकापोरांच्या काळजीनं तो दोन बसगाड्या बदलून आला होता. आणि आपण? आपण काल एका ड्रायव्हरला शाळेच्या पोरांसाठी तीच गाडी विकायला काढली!

बबनराव उठले, नमस्कार केला आणि बसच्या वाटेला लागले. शकुंतलाबाईंनी हाक मारून त्यांच्या हातात भाकरीचं फडकं दिलं.

त्या परत आल्या तेव्हा प्रभाकरराव ओट्यावर मान खाली घालून बसले होते. शकुंतलाबाई समोर बसल्या. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती.

"आता बोलू का मी?"

"बोल."

"गाडी चोरली तवा आपन चोराले किती शिव्या देल्या. बरोबरच होतं. पन त्यानं अर्धंच काम केलतं. खोटं मीटर दाखवून कोनाले तरी फसवाचं, हे उरलेलं काम आता आपन करून राह्यलो. मंग त्याच्यात अन् आपल्यात फरक कोनता उरला?"

"मी मीटर फिरवलं नाई, शकुंतला."

"नाई फिरवलं. पन फिरवलेलं हाये हे तुमाले मालूम हाये. गुलाबनं तोंडावर विचारलं, तवा तुमी काय सांगतलं? एक शब्द खोटा बोलले नाई, अन् सारंच खोटं सांगतलं!"

प्रभाकररावांनी डोळे मिटून घेतले.

"अन् दुसरं आयका," शकुंतलाबाई थोड्या पुढे सरकल्या. "त्या बबनरावावर काय आरोप हाये? चोरीची हाये हे मालूम असून गाडी घेतली म्हनून. अवो, ज्याले चोरीचं मालूम हाये त्याच्यासाठी कोनी मीटर कायले फिरवन? मीटर फिरवतात भोळ्या मानसाले फसवासाठी! तो फसला, हे मीटरवरूनच समजते. पन आधी मीटर किती होतं, हे कोनाले मालूम हाये? फक्त तुमाले! तुमी गप्प बसले तर तो मानूस उद्या जेलात जाईन."

हे प्रभाकररावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपलं गप्प बसणं म्हणजे थोडा फायदा, एवढाच हिशोब त्यांनी केला होता. त्या गप्प बसण्याच्या एका टोकाला शाळेची पोरं होती आणि दुसऱ्या टोकाला एक निरपराध माणूस. ते उठले आणि त्यांनी पायात चपला घातल्या.

"कुठं निंगाले?"

"पुलगावले. गाडीनं नाई, बसनं जातो."

गुलाब घराच्या मागच्या अंगणात टिनाचं शेड उभं करत होता, नव्या गाडीसाठी. प्रभाकररावांनी उभ्या उभ्याच सारं सांगितलं. मीटर मागे फिरवलेलं आहे, गाडी लाखाच्या आसपास चालली असावी, ब्रेक धोक्याचे आहेत, आणि हे सारं नाही तरी मीटरचं खोटं आपल्याला कालच ठाऊक होतं. त्यांनी इसाराचे पैसे परत पुढे केले.

गुलाबचा चेहरा लाल झाला. "काल काऊन नाई सांगतलं? मी तुमाले विचारलं होतं ना, भाऊ! मी सोमवारपासून पोरं नेतो म्हनून तीन घरी सांगून आलो. एखाद्याचं लेकरू गेलं असतं तर तुमी आले असते का सांगाले?"

"चूक झाली," एवढंच प्रभाकरराव म्हणाले, "माफ कर." गुलाबनं हातातली हातोडी खाली ठेवली. त्यानं ती गाडी घेतली नाही, आणि त्याचा रागही त्या दिवशी गेला नाही. पण प्रभाकरराव निघाले तेव्हा तो पाठीमागून म्हणाला, "च्या पिऊन जाजा. इतक्या दुरून आले."

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रभाकरराव पोलीस ठाण्यात हजर झाले. चोरीच्या आधी गाडी किती चालली होती, ऑइल कुठे बदललं, तिथल्या मिस्त्रीनं काय पाहिलं होतं, सारं त्यांनी नव्या जबाबात सांगितलं. फौजदार वैतागले. "गाडी मिळाली ना तुम्हाला? मग आता हे कशाला उकरता?"

"साहेब, गाडी मिळाली," प्रभाकरराव म्हणाले, "पन एक मानूस खोट्यात अडकून हाये. तो सुटला पायजे."

ताराचंद त्यांच्यावर चिडला, चार महिने घरी आला नाही. प्रभाकररावांनी ब्रेक, टायर, आतले झिजलेले भाग सगळं नीट करून घेतलं. गाडी फार कमी भावात गेली, कारण येईल त्याला ते आधी मीटर खोटं आहे हे सांगायचे आणि मगच दार उघडून दाखवायचे. कितीतरी गिऱ्हाइकं ऐकूनच उठून गेली. शेवटी एका दूधवाल्यानं सगळं समजून घेऊन ती घेतली.

तपासाला वेळ लागला, पण त्या जबाबाच्या धाग्यावरून पोलीस मीटर फिरवून देणाऱ्या माणसापर्यंत पोचले. त्यानं अशा आणखीही गाड्यांची मीटरं फिरवली होती, आणि ही गाडी कुणी फसवून विकली तेही त्यानं सांगितलं. बबनरावांचं नाव आरोपींतून निघालं आणि साक्षीदारांत गेलं.

त्या दिवशी कोर्टाबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली प्रभाकरराव उभे होते. काठी टेकत एक बाई त्यांच्यापाशी आली. मागे बबनराव होते. आनंदाबाईंनी काठी नवऱ्याच्या हातात दिली आणि दोन्ही हात जोडले.

"तुमच्यामुळं आमच्या घरावरचा डाग गेला, भाऊ."

प्रभाकररावांचे डोळे भरून आले. "नाई ताई," ते म्हणाले, "हात मीच जोडाले पायजे. तुमचे मालक त्या दिवशी आले नसते, तर माह्या घरावर डाग लागला असता, अन् तो मले दिसलाई नसता."

आपल्यापैकी किती जण जुनी गाडी, जुनं यंत्र, जुनं घर विकताना असं गप्प बसतात! आपण खोटं बोललो नाही, एवढ्यावर आपलं समाधान होतं. पण माहीत असलेलं खोटं आपल्या हातून पुढच्या हातात गेलं, की ते आपलंच होतं. त्याची सुरुवात कुणी केली होती, हे मग कुणी विचारत नाही. चोर गाडी नेतो, तेव्हा आपलं नुकसान होतं. त्याचं खोटं आपण पुढे चालवतो, तेव्हा नुकसान अशा माणसाचं होतं, ज्यानं आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो. म्हणून ज्याला खरं माहीत आहे त्यानं कुणी विचारायच्या आधी ते सांगावं, आणि सांगायला उशीर झाला असेल तर आजच्या बसनं जाऊन सांगावं.