कणकेचा अंगठा

आमचे हे, म्हणजे किसनराव, माणूस सोन्यासारखा, पण उजवा हात कायम खिशात. एमआयडीसीतल्या प्रेस मशीनने अर्धा अंगठा नेला, त्याला आता जमाना झाला. तरी कुणी जयभीम केला की हे नुसती मान हलवतात. आमच्या बुवापाड्यात लोकांना वाटतं, भलताच शिष्ट माणूस. मला या गोष्टीचा भारी राग येतो.

रिटायर झाल्यावर यांची झोप उडाली, म्हणून मीच ओढत विहारात ध्यानाला नेलं. शिकवायला शेजारची माया. मांडी घालून पाठ ताठ, डाव्या तळव्यावर उजवा तळवा, अंगठ्यांची टोकं हलकेच टेकलेली. "अंगठे सुटले की समजायचं, मन भटकलं," असं सांगत ती एकेकाचे हात बघत फिरते. हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून यांचे गुडघे दुखायला लागले. गुडघे कसले, नुसतं निमित्त!

"नाटकं पुरे," मी म्हणाले. पोळ्यांची कणीक मळत होते, त्यातच रंग जुळायला थोडं नाचणीचं पीठ घातलं आणि यांना झकास अंगठा करून चिकटवून दिला.

विहारात पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. मी एक डोळा किलकिला करून यांच्याकडेच बघत होते. माझं कसलं ध्यान! अंगठा पडेल या धास्तीने हे श्वाससुद्धा जपून घेत होते.

"किसनकाकांकडे बघा," माया म्हणाली. "असं स्थिर बसायचं."

सगळ्यांनी डोळे उघडून बघितलं. नेमका तेव्हाच वाळलेला अंगठा सुटला आणि फरशीवरून घरंगळत मायाच्या पायाशी गेला.

कुणी हसेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठून मला ही अवदसा आठवली!

यांनी हात खिशाकडे नेला, मग थांबले. तोच हात वर धरून म्हणाले, "मन नाय भटकलं गं पोरी. अंगठाच आधी निघून गेला."

पहिल्यांदा मायालाच हसू फुटलं, मग अख्ख्या विहाराला. सगळ्यांत मोठ्याने हेच हसत होते.

निघताना दारात ध्यानाला आलेल्या शशिकांतभाऊंनी हात जोडले. "जयभीम, किसनराव!"

यांनीही दोन्ही हात छातीशी जोडले. साडेनऊ बोटं, सगळ्यांसमोर. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला.

रस्त्यात मी मुद्दाम विचारलं, "गुडघे काय म्हणतात?"

"उद्या पण जाऊ," हे म्हणाले. "कणीक नको."