नवसातलं नाव

माझ्या मालकांना आपल्याला सगळं पाठ आहे असं वाटायचं. त्या एका खोडीपायी एकदा त्यांची मान जायची वेळ आली होती.

मालक म्हणजे पब्लियस कॅल्विशियस. सात पिढ्यांचं सरदार घराणं. एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेले, तिशीत सेनेटमध्ये बसले, मग आर्मेनियाच्या डोंगरात पलटण सांभाळली आणि शेवटी डॅन्यूबकाठच्या आमच्या सुभ्याचे सुभेदार झाले. तेवढ्या काळात रोमच्या गादीवर पाच सम्राट बसले, आताचा पाचवा. चौथ्याला त्याच्याच पहारेकऱ्यांनी मारलं आणि त्याचं नाव घेणं राजद्रोह ठरलं. महिनाभरात पाथरवटांनी ते शिळांवरून खरवडून काढलं. पण पंधरा वर्षं तोंडात बसलेलं नाव खरवडायला पाथरवट कुठून आणायचा?

जानेवारीच्या तिसऱ्या दिवशी सुभेदारानं पलटणीसमोर बैल बळी देऊन सम्राटाच्या आयुष्यासाठी नवस बोलायचा असतो. सुभेदार एक ओळ म्हणतो, पाच हजार शिपाई ती मागून म्हणतात. एक शब्द चुकला तरी सगळा विधी फुकट. मग दुसरा बैल आणून पहिल्यापासून सुरुवात. म्हणून शेजारी उभं राहून लिहिलेली पाटी धरायची आणि शब्द सांगायचे, हे माझं काम. मी हर्मेरोस, आधी त्यांचा गुलाम, आता मुक्त आणि त्यांचा लेखनिक.

"ठेव ती पाटी," त्या वर्षी मालक म्हणाले. "वीस वर्षं म्हणतोय. मी काय शाळेत आहे?"

"मालक, सम्राट नवे आहेत."

"नवस जुनाच आहे ना?"

त्यांनी विधीच्या रीतीप्रमाणे आपल्या झग्याचा पदर डोक्यावरून घेतला, बासरीवाल्यानं सूर धरला, आणि ज्युपिटर देवाला हाक मारून मालकांनी आयुष्य मागितलं ते त्या मेलेल्याचं. पाच हजार घशांनी ते नाव जसंच्या तसं उचललं. नदीपलीकडच्या टोळ्यांनाही ऐकू गेलं असेल.

बासरीवाला तेवढा वाजवत राहिला.

पहिल्या रांगेत महसूल अधिकारी वेटियुस उभा होता. नावाला महसूल बघायचा, खरं काम सुभेदारावर नजर ठेवणं. त्याची पत्रं थेट सम्राटाच्या हातात पडत. मला मालकांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"माझी चूक झाली," मालक मोठ्यानं म्हणाले. "दुसरा बैल आणा. हर्मेरोस, पाटी धर."

दुपारी बाईसाहेबांनी, सातिया त्यांचं नाव, मालकांना धारेवर धरलं. "अहो, एक पाटी धरून घ्यायला काय झालं होतं?"

"धरली की नंतर."

"नंतर! नंतर रोमला काय, बैल मोजून दाखवणार आहात?"

अंघोळ करून मालकांनी मृत्युपत्र आणायला सांगितलं. साध्या शिपायाची जीभ घसरली तर चार फटके मिळतात, सरदाराची घसरली तर रोममध्ये तिला कट म्हणतात. त्यांच्या आजोबांना जेवणाच्या पंगतीतल्या एका थट्टेपायी स्वतःच्या हातानं शिरा कापून घ्याव्या लागल्या होत्या. मी मृत्युपत्र आणून उलगडलं.

तेवढ्यात वेटियुस आला. सोबत पहारेकरी नाहीत, तोंड पांढरं पडलेलं. कुणी बस म्हणायच्या आधीच बसला.

"सुभेदारसाहेब, नवस झाल्याचं तुमचं पत्र सम्राटांकडे गेलं का?"

"अजून नाही. तुमचं गेलं असेल."

"मी काय लिहू?" वेटियुस जवळजवळ रडकुंडीला आला होता. "मी पहिल्या रांगेत होतो. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे."

सगळ्या छावणीला माहीत होता. आपली निष्ठा लांबून ऐकू यावी म्हणून हा गृहस्थ नवस बेंबीच्या देठापासून ओरडायचा.

"तुम्हीही म्हणालात?" मालकांनी विचारलं.

"तोंडातून गेलंच हो. पंधरा वर्षांची सवय. माझ्या दोन्ही बाजूंचे शतकाधिपती माझ्याकडेच बघत होते."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, कारण पाटी बाजूला ठेवून मीही तेच म्हणालो होतो. आधी मालक हसले, मग वेटियुस हसला, आणि मी न विचारताच तिघांसाठी आंबट दारू ओतली. इतकी गोड मी आयुष्यात प्यालो नाही.

नवस यथासांग पार पडला, असं पत्रात लिहिलं. दुसरा बैल धरला तर ते खरंच होतं. मग मालक म्हणाले, "खाली लिही. वय झालं, मोकळं करावं ही विनंती."

"मालक, सुभेदारीची दोन वर्षं शिल्लक आहेत."

"नवसाचे दोन जानेवारी शिल्लक आहेत. लिही."

उत्तर आलं तेव्हा नदीवरचा बर्फ फुटत होता. सम्राटानं सेवेबद्दल आभार मानून त्यांना उम्ब्रियातल्या त्यांच्या मळ्यावर जायची परवानगी दिली होती. बाईसाहेबांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पाच सम्राटांच्या काळात ज्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, त्या बाई जमिनीवर बसून मोठ्यानं रडायला लागल्या.

मालक गोंधळले. "अगं सातिया, मी जिवंत आहे."

"म्हणूनच रडतेय," त्या म्हणाल्या.