कोय सुटलेलं लोणचं

मित्रांनो, मी एक जुना अडकित्ता आहे. सुपारीचा नव्हे हं! त्या चिमुकल्याशी माझी बरोबरी करू नका. मी कैऱ्या फोडायचा अडकित्ता आहे. चिंचेच्या लाकडाचा हातभर पाट आणि त्याला खिळ्यानं अडकवलेलं जाडजूड पातं. गोदावरी समुद्राला मिळते तिकडे, एका कालव्याकाठी अप्पलस्वामी लोहारानं मला घडवलं. माझा स्वभाव आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी डूख धरतो.

मला घरी आणलं वेंकन्नानं, आपल्या नव्या बायकोसाठी. तिचं नाव सूरम्मा. त्या घरची थोरली सून. तिनं माझ्यावर पहिली कैरी ठेवली, पातं दाबलं आणि 'टक्' असा आवाज झाला. फोड उचलून तिनं उलटी करून पाहिली. आमच्याकडे आवकायच्या, म्हणजे कैरीच्या झणझणीत लोणच्यात फोडीचा जीव कोयीत असतो. प्रत्येक फोडीला कोयीच्या टणक कवचाचा तुकडा चिकटलेला हवा. तो असला की फोड वर्षभर कडक राहते. तो सुटला की श्रावणापर्यंत तिचा लगदा होतो. सूरम्मा हसली आणि म्हणाली, "चांगला आहेस रे." एवढ्यानं मी तिचा झालो.

अख्ख्या घराचं वर्ष तिच्या डोक्यात असायचं. रोहिणीचं ऊन तापलं की ती स्वयंपाक उजाडायच्या आत उरकायची आणि दुपारी सगळ्यांना ताकभात वाढायची. त्याच उन्हात आवकाय घालायची, तीन मोठ्या बरण्या. पांढऱ्या फडक्याची बरणी पावसाळ्यात उघडायची, लाल काठाच्या फडक्याची संक्रांतीपर्यंत पुरायची, आणि हिरव्याची त्यानंतर, उगादीच्या म्हणजे पाडव्याच्याही पुढे. श्रावणात कालवा फुगला की भाजीची होडी आठ-आठ दिवस येत नसे. तेव्हा वरण, भात आणि पांढऱ्या फडक्याची बरणी यांवर घर तरायचं. पौषात माझ्यावर कोहळा चिरून सांडगे व्हायचे. मग ती मला पुसायची, तिळाचं तेल चोळायची आणि वेंकन्नाच्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवायची. बारा वर्षं असं चाललं. मला गंजाचा ठिपका माहीत नव्हता.

मग एका मार्गशीर्षात वेंकन्ना गेला. मूलबाळ नव्हतं. त्या पौषात कोहळा चिरला नाही की मला तेल लागलं नाही. कुणीतरी मला मागच्या पडवीत नारळाच्या ओल्या सोडणांखाली फेकून दिलं. मी तिथे पाच महिने गंजत पडलो.

वैशाखात कैऱ्या आल्या. सूरम्मा सवयीनं पदर खोचून पुढे झाली, तशा तिच्या सासूबाई, रत्नम्मा, दारातच आडव्या आल्या.

"तू नको गं. वर्षाच्या लोणच्याला तुझा हात आता बरा नाही. राज्यम करील."

राज्यम म्हणजे धाकटी जाऊ, वेंकन्नाच्या धाकट्या भावाची, सत्यमची बायको.

"अत्तय्या," सूरम्मा सासूबाईंना हळूच म्हणाली, "वर्षभर भात माझ्याच हातचा चालतो ना तुम्हाला?"

"भात आज शिजतो, आज संपतो. लोणचं वर्षभर टिकायचं असतं. उगाच वाद घालू नकोस."

ती ओसरीवर जाऊन बसली. मित्रांनो, माझ्या गंजलेल्या अंगाचा नुसता भडका उडाला! बारा वर्षं ज्या हातानं या सगळ्यांना पोसलं तो हात बरा नाही म्हणे! मी तिथल्या तिथे ठरवलं, की यांची जिरवायची.

राज्यमनं मला सोडणांखालून ओढून काढलं. पुसलं नाही, धार पाहिली नाही. कैरी ठेवली आणि हाणली. मी 'टक्' म्हटलं नाही. मी म्हटलं 'कचक्'. कोय चेचली आणि फोडीपासून सुटून बाजूला पडली. गंज होता हे खरं, पण खोटं कशाला बोलू, मी जरा मन लावलं असतं तर निम्म्या तरी फोडी धड निघाल्या असत्या. मी लावलं नाही. कचक्, कचक्, कचक्. मला फार बरं वाटत होतं.

ओसरीवरून सूरम्माची हाक आली. "राज्यम! अगं, कोय सुटतेय. आवाज ऐक ना! आधी लोहाराकडून धार लावून आण."

"अक्का, तुमच्या कानांना जरा विश्रांती द्या की!" राज्यम फणकारली. "बसल्या जागेवरून बरं टोकता येतं. माणसं फोडी खातात, कोयी नाही!"

सुटलेल्या कोयींचे तुकडे तिनं सुपात भरले आणि मागे माडाच्या बुंध्याशी ओतून दिले. मोहरीची पूड, तिखट, मीठ, तिळाचं तेल, सगळं नीट मापानं घातलं. फडकी बांधली. मला न पुसताच बरण्यांच्या फळीखाली लोटून दिलं. तिथे पडून मी श्रावणाची वाट पाहू लागलो.

श्रावण आला. कालवा फुगला, होडी बंद झाली. अशात राज्यमचे वडील लेकीला भेटायला आले आणि पाण्यामुळे अडकून पडले. पानं मांडली. वाफाळता भात, वरण, तूप. राज्यमनं ऐटीत पांढरं फडकं सोडलं आणि पळी घातली. पळीत फोड आलीच नाही. पांढरी बुरशी धरलेला लाल लगदा आला. असा काही वास सुटला की पाहुण्यांनी नाकाला उपरणं लावलं. तिनं घाईघाईनं लाल काठाचं फडकं सोडलं. तोच प्रकार. हिरवं सोडलं. तिथेही तेच.

मी फळीखाली मनातल्या मनात नाचत होतो. घे! आणखी फेक मला सोडणांखाली!

पण पुढचे शब्द ऐकले आणि माझा नाच जागीच थांबला.

"बघितलंत अत्तय्या?" राज्यम रडवेल्या आवाजात ओरडली. "त्या दिवशी अक्कांनी ओसरीवरून टोकलं होतं. तिन्ही बरण्यांना नजर लागली!"

रत्नम्मांनी कपाळाला हात लावला. "मला तेव्हाच वाटलं होतं. सत्यम, पाणी उतरलं की हिच्या भावाला निरोप धाड. म्हणावं, बहिणीला घेऊन जा. पुढच्या वर्षीचं अन्न तरी धड राहू दे."

मित्रांनो, मी सूड उगवला होता राज्यमवर, आणि घर सुटत होतं सूरम्माचं! त्या भावाच्या घरी तिला कोण विचारणार होतं? त्याची बायको तिला पाणीसुद्धा मोजून द्यायची. मी किती ओरडलो असेन, की अहो, हे माझं काम आहे! पण लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

सूरम्मा चुलीपाशी वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं, सरळ बरणीपाशी आली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. "अगं, अगं!" म्हणत रत्नम्मा उठल्या. तोवर तिनं मूठभर लगदा काढून एका रिकाम्या ताटात टाकला आणि सत्यमपुढे सरकवला होता.

"भाऊजी, यात कोयीचा एक तुकडा शोधून द्या. एकच. मी आत्ता चालू लागते, पाणी उतरायचीही वाट बघत नाही."

सत्यमनं बोटांनी लगदा चिवडला. पुन्हा चिवडला. काही मिळालं नाही.

"आता मागे माडाच्या बुंध्याशी जाऊन या."

तो पावसात गेला आणि ओली मूठ घेऊन आला. मूठ पाटावर रिकामी केली. पावसानं धुतलेल्या, चेचलेल्या कोयी. राज्यमचे वडील लेकीकडे पाहून म्हणाले, "एवढं तर आपल्या घरी पोरंसोरं जाणतात गं." राज्यमची मान खाली गेली.

सगळे रत्नम्मांकडे बघत होते. त्यांनी पाटावरच्या कोयी एका बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "हात धुऊन घे."

एवढंच! चुकलं म्हणायला जीभ उचलली नाही. सूरम्मानं हात धुतला आणि पदराला पुसला.

"भावाला निरोप नको, अत्तय्या. मी जाते. पण भावाकडे नाही जात." मग वाकून तिनं फळीखालून मला बाहेर काढलं. "आणि हा माझा आहे."

गल्लीच्या टोकाला एक रिकामी खोली होती, तिथे आम्ही दोघं राहायला गेलो. तिच्या वाट्याच्या भाताची पोती सत्यमनं निमूटपणे पोचवली. तिनं राखेनं माझा गंज खरवडला, लोहाराकडून धार लावून आणली. कार्तिकात आवळे, माघात ओल्या लाल मिरच्या, असं तिनं एकटीचं वर्ष मांडलं. बायका दारावरून जाताना वासानं थबकायच्या.

पुढच्या वैशाखात शेजारची चिट्टी टोपली घेऊन आली. "सूरम्मक्का, आमच्या कैऱ्या फोडून द्याल? सासूबाईंनीच पाठवलंय." दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. आठवड्यात तर दारासमोर टोपल्यांची रांग लागली. बरा नसलेल्या हाताकडे अख्खी गल्ली!

आणि एका सकाळी त्या रांगेच्या शेवटी राज्यम उभी राहिली. सोबत दोनशे कैऱ्या. मी पातं परजलं. ये बाई, ये! आता तुझी एकही कोय धड ठेवत नाही! सूरम्मानं मला तेल लावता लावता पात्यावर बोट टेकलं आणि पुटपुटली, "नीट चाल हं. माझी अब्रू आहे."

मग ती राज्यमला म्हणाली, "समोर बस. मी फोडते. तू प्रत्येक फोड उचलायची, कोय आहे का बघायची आणि मोठ्यानं सांगायचं."

"सगळ्यांसमोर, अक्का?"

"गल्लीला नीट ऐकू आलं पाहिजे."

टक्. "आहे, अक्का." टक्. "आहे, अक्का." ऊन डोक्यावर आलं. राज्यमचा घसा बसला. बायका आपापल्या टोपल्यांवर बसून पदराआड हसत होत्या. मी इतका मन लावून आयुष्यात कधी चाललो नव्हतो. एकही 'नाही' म्हणायची संधी मी तिला दिली नाही.

शेवटची फोड झाली तेव्हा राज्यमचे डोळे भरून आले होते. बसक्या आवाजात ती म्हणाली, "अत्तय्या रोज विचारतात तुम्हाला. आता घरी या ना, अक्का."

सूरम्मानं मला पुसलं, तेल लावलं, धोतरात गुंडाळलं. मग म्हणाली, "घरीच आहे की मी."

राज्यम टोपली उचलून निघून गेली. मला तिची दया आली का? नाही आली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद माळ्यावर पडलेला असेल. त्याला खाली काढा, पुसा, तेल लावा. आणि ज्या हाताचं रोज जेवता, त्या हाताला कुणी वाईट म्हणालं, तर तिथल्या तिथे बोला. माझ्यासारखे मनात डूख धरून पडून राहू नका.